ओग्लाला लकोटा काउंटीत नेमकं कोण राहतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आई-बाबा कुडाळहून आले होते तेव्हा त्यांना साउथ डकोटा दाखवायला नेलं, म्हणजे माउंट रशमोर, बॅडलँड्स वगैरे नेहमीचंच, पण परतताना मी मुद्दाम पाइन रिजवरून, म्हणजे ओग्लाला लकोटा काउंटीतून, गाडी घातली. फोटो फॅमिली ग्रुपवर पडले आणि झालं, काका-मावश्या-मित्र सगळ्यांचे प्रश्न सुरू. मी पोटासाठी जनगणनेचे आकडेच चिवडतो, त्यामुळे "तुला माहीतच असेल" हे ठरलेलं. एकेकाला टाइप करून बोटं दुखली म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवतोय.

ही काउंटी आहे तरी कुठे?

अमेरिकेच्या मध्यात, वरच्या बाजूला साउथ डकोटा राज्य आहे, त्याच्या नैऋत्य कोपऱ्याजवळ, खाली नेब्रास्काची हद्द लागते तिथे. सगळा गवताळ माळ, मधेच मातीचे झिजलेले सुळके, झाडं फक्त ओढ्याकाठी. पाइन रिज हे त्यातलं सगळ्यात मोठं गाव, वस्ती तीन हजारांच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडे याला मोठं गाव म्हणायलाही कोणी तयार होणार नाही.

काउंटी म्हणजे जिल्हा की तालुका?

कामाच्या बाबतीत जिल्ह्यासारखी, माणसांच्या बाबतीत कधीकधी एखाद्या वाडीसारखी. साउथ डकोटात अशा ६६ आहेत. बाबांना समजावं म्हणून मी हिशोब केला तर मजाच निघाली, या काउंटीचं क्षेत्रफळ साधारण ५,४०० चौरस किलोमीटर आणि आपल्या सिंधुदुर्गाचं ५,२०७, म्हणजे जवळपास तेवढंच. सिंधुदुर्ग हा महाराष्ट्रातला सगळ्यात कमी लोकसंख्येचा जिल्हा, तरी २०११ ला तिथे साडेआठ लाख माणसं होती. इथे २०२० ला १३,६७२. बाबा म्हणाले, "एवढी तर आमच्या बाजारात दिसतात."

आणि ही काही सगळ्यात छोटी नाही हां, टेक्ससमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० ला ६४ माणसं निघाली होती.

बरं, आता सरळ सांग, कुठल्या वंशाचे किती?

दहातले नऊपेक्षा जास्त लोक अमेरिकन इंडियन, म्हणजे तिथले मूळनिवासी, आणि त्यातलेही बहुतेक सगळे ओग्लाला लकोटा. उरलेल्यात बहुतांश गोरे आणि दोन-तीन वंश लावणारे. काळे आणि एशियन दोन्ही एकेक टक्क्याच्याही खाली. अख्ख्या साउथ डकोटात मूळनिवासी नऊ टक्क्यांच्या आसपास आणि इथे नव्वदच्या वर, राज्याचं चित्र इथे बरोबर उलटं होतं. दशांश चिन्हापर्यंतचे आकडे मी मुद्दाम देत नाहीये, का ते पुढे येईल.

"इंडियन" म्हणजे आपण का? आपण कुठे टिक करायची?

नाही हो! हा प्रश्न मला वर्षातून चारदा तरी येतो. कोलंबस भारत शोधायला निघाला आणि भलतीकडेच पोचला, त्याच्या त्या चुकीचं ओझं दोन समाज पाचशे वर्षं वाहतायत. जनगणनेच्या फॉर्मवर आपल्यासाठी "एशियन इंडियन" असा वेगळा चौकोन आहे, तो १९८० ला आला. "अमेरिकन इंडियन" हा त्यांचा. माझ्या ओळखीतल्या एका काकांनी ग्रीन कार्ड मिळाल्याच्या आनंदात "आता मी अमेरिकन पण आणि इंडियन पण" असं म्हणून तिथेच टिक मारली होती, आणि पुढे जमात कुठली या रकान्यात काय लिहायचं म्हणून मला फोन केला. मी म्हटलं काका, खोडा.

पण हसण्याआधी आपला इतिहास बघा. १९२०, १९३० आणि १९४० च्या अमेरिकन जनगणनेत भारतातून आलेल्या सगळ्यांचा वंश "हिंदू" लिहिला जायचा, मग तो माणूस पंजाबातला शीख असो नाहीतर मुसलमान. १९७० ला तर आपल्याला चक्क गोऱ्यांत मोजलं. चौकोन बनवणारा वेगळा आणि त्यात बसणारा वेगळा, म्हटल्यावर हे व्हायचंच.

आणि आपल्या पुस्तकांतला "रेड इंडियन" हा शब्द आता सोडा प्लीज. ते लोक स्वतःला लकोटा म्हणतात, जास्त मोघम बोलायचं तर नेटिव्ह.

मग हिस्पॅनिक कुठे गेले? तो पण वंशच ना?

हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मूळ असलेले, आणि अमेरिकन सरकारच्या मते तो वंश नाही. वंशाचा प्रश्न वेगळा आणि "हिस्पॅनिक आहात का" हा वांशिकतेचा प्रश्न वेगळा, त्यामुळे एकच माणूस हिस्पॅनिकही असतो आणि गोरा किंवा नेटिव्हही, म्हणून दोन तक्ते एकत्र जोडले की बेरीज शंभरच्या वर जाते आणि लोक मला मेल करतात की तुमचा डेटा चुकलाय. मार्च २०२४ मध्ये नियम बदललेत, आता दोन्हींचा मिळून एकच प्रश्न असेल. या काउंटीत हिस्पॅनिक मोजकेच आहेत, त्यामुळे इथे फार फरक पडणार नाही.

ओग्लाला, लकोटा, सू, ही तीन वेगळी माणसं का?

एकच. सू हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव, शेजारच्या ओजिब्वे लोकांचा यांच्यासाठी एक शब्द होता, तो फ्रेंच व्यापाऱ्यांनी आपल्या पद्धतीनं लिहिला आणि त्याचं फक्त शेपूट उरलं. लकोटा हे सू म्हटल्या जाणाऱ्यांतल्या या लोकांचं स्वतःचं नाव, भाषेचंही तेच. लकोटांच्या सात शाखा, त्यातली एक ओग्लाला. रेड क्लाउड आणि क्रेझी हॉर्स हे गाजलेले पुढारी ओग्लाला, सिटिंग बुल मात्र हुंकपापा शाखेचा. सरकारी कागदावर अजूनही "ओग्लाला सू ट्राइब" असंच आहे कारण १९३६ च्या घटनेत तसं छापलंय, आणि कागदावर एकदा छापलेलं नाव बदलणं किती कटकटीचं असतं ते ज्याच्या आधारकार्डात स्पेलिंग चुकलंय त्याला विचारा.

एकाच समाजाचे इतके लोक एका जागी कसे? स्वतःहून आले का?

आले नाहीत, उरले. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहात मिसुरी नदीच्या पश्चिमेचा अख्खा साउथ डकोटा यांचा म्हणून सरकारनं लिहून दिला होता. १८७४ ला त्यातल्या ब्लॅक हिल्स या डोंगरात सोनं सापडलं. मग काय, १८७७ ला डोंगर काढून घेतले, १८८९ ला उरलेल्या जमिनीचे तुकडे केले, त्यातला एक तुकडा म्हणजे पाइन रिज रिझर्व्हेशन (आपलं आरक्षण नव्हे, मूळनिवासींसाठी राखलेला प्रदेश) आणि त्यावर पूर्णपणे बसलेली ही काउंटी. पुढच्याच वर्षी, २९ डिसेंबर १८९० ला वूंडेड नी ओढ्याकाठी सैन्यानं अडीचशे ते तीनशे लोक मारले, त्यात बायका-पोरं कितीतरी. थंडीत गोठलेली १४६ प्रेतं एकाच खड्ड्यात पुरली, ती टेकडी याच काउंटीत आहे.

ब्लॅक हिल्सचा खटला १९८० ला सुप्रीम कोर्टात जिंकले, दहा कोटी डॉलरच्या वर भरपाई मंजूर झाली. घेतली नाही! डोंगर विकायला काढलेच नव्हते तर पैसे कशाचे, असं म्हणून ती रक्कम तशीच पडून आहे आणि व्याजासकट एक अब्ज डॉलरच्या पुढे गेलीय. माझ्या मामाला हे अजून पटत नाही. "घेऊन मोकळं व्हायचं ना." मामाची स्वतःची धरणात गेलेल्या जमिनीची केस आहे, त्यातही तो वाढीव भरपाईसाठी भांडतोय, पण ते असो.

शेजारच्या काउंटीतही असंच आहे का?

नाही, आणि हे बघण्यासारखं आहे. पूर्वेची बेनेट काउंटी गोऱ्या वसाहतवाल्यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच खुली केली, त्यामुळे आज तिथे नेटिव्ह बहुसंख्य असले तरी गोरे लोक चांगले दिसण्याइतके आहेत. माती तीच, माळ तोच, मधे फक्त एक सरकारी रेघ आणि आकडे एकदम वेगळे. रिझर्व्हेशन म्हणजे ही एकच काउंटी असंही समजू नका, जॅक्सन काउंटीचा दक्षिण भागही त्यात येतो. न्यूजमध्ये "पाइन रिजची लोकसंख्या" आणि "काउंटीची लोकसंख्या" यांची सर्रास खिचडी करतात.

आधी हिचं नाव वेगळं होतं ना?

हो, शॅनन काउंटी. पीटर शॅनन हा डकोटा टेरिटरीचा, म्हणजे राज्य होण्याआधीच्या प्रांताचा, मुख्य न्यायाधीश, जो पुढे लकोटांची जमीन सोडवून घेण्याच्या सरकारी खटपटीतही होता. म्हणजे ज्यांची जमीन घेतली त्यांच्याच पत्त्यावर सव्वाशेहून जास्त वर्षं त्याचं नाव. नोव्हेंबर २०१४ ला मतदान झालं, सुमारे ८० टक्के लोकांनी नाव बदला म्हणून सांगितलं आणि मे २०१५ पासून नवीन नाव लागू झालं.

माझ्यासारख्यांना याचा वेगळाच त्रास झाला. नाव बदललं तसा जनगणनेचा कोडही बदलला, ४६११३ चा ४६१०२. मी एकदा जुना नकाशा आणि नवीन आकडे जोडले तर संपूर्ण अमेरिका रंगली आणि साउथ डकोटाच्या खाली एक पांढरं भोक. दोन तास वाटलं की माझाच प्रोग्राम गंडलाय. क्लायंटच्या मीटिंगमध्ये एकानं विचारलंही की तिथे कोणी राहत नाही का.

ते थोडे गोरे लोक आहेत ते कोण?

शाळांतले मास्तर, दवाखान्यातले डॉक्टर-नर्स, चर्चची माणसं, गुरं पाळणारे रँचवाले, आणि लग्न करून आलेले. काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहेत. लकोटा भाषेत गोऱ्याला "वासिचू" म्हणतात. ते कधी चेष्टेत असतं, कधी शिवीसारखं. सुरावरून कळतं म्हणे.

मिक्स लोकांचं काय? रक्ताचे टक्के मोजतात हे खरंय?

ऐका, हा सगळ्यात गुंत्याचा भाग आहे, इथे तीन वेगळ्या मोजण्या आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली मोजणी जनगणनेची. तिथे तुम्ही जे सांगाल ते, पुरावा कोणी मागत नाही. १९६० च्या आधी तर दारात आलेला माणूस तुमच्याकडे बघून स्वतःच ठरवायचा. २००० पासून एकापेक्षा जास्त वंशांवर टिक करता येते. त्यामुळे देशभरात नेटिव्ह म्हणवणारे २०१० ला ५२ लाख होते (मिक्स धरून) ते २०२० ला ९७ लाख झाले. दहा वर्षांत एवढी पोरं झाली नाहीत, लोकांनी उत्तर बदललं, प्रश्नाची मांडणीही बदलली.

दुसरी मोजणी ट्राइबची. सदस्य कोण, हे प्रत्येक ट्राइब स्वतःच्या नियमानं ठरवते आणि सदस्य असणं म्हणजे वंश नव्हे, ते नागरिकत्वासारखं आहे.

तिसरी रक्ताची. हे ऐकून आई गप्पच झाली. केंद्र सरकारचं इंडियन खातं एक दाखला देतं त्यावर अपूर्णांक असतो, १/४, ५/८, १३/१६ असा, की तुझ्यात किती इंडियन रक्त. म्हणजे आपल्या भाषेत चार आणे, दहा आणे. माणसाची आणेवारी! कित्येक ट्राइब्समध्ये चार आण्यांच्या खाली गेलात की सदस्यत्व मिळत नाही, त्यामुळे पोरं कोणाशी लग्न करतात यावर नातवंडांचं नाव यादीत येणार की नाही ते ठरतं. आणि हे अपूर्णांक मुळात आले कुठून, तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणा कारकुनानं रजिस्टरमध्ये जे खरडलं त्यावरून. ज्यांच्याकडे एसटीची जात पडताळणी झालीय त्यांना हे वेगळं सांगायला नको, पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी काय लिहिलं यावर पोराची ॲडमिशन अडते तसंच.

मिक्स लोकांना लकोटात "इयेस्का" म्हणतात, मूळ अर्थ दुभाष्या. फ्रेंच फर व्यापारी इथल्या बायकांशी लग्न करून राहिले, त्यांची मुलं दोन्ही भाषा बोलायची. म्हणून आजही पाइन रिजवर अस्सल फ्रेंच आडनावाचा माणूस भेटतो आणि तो पक्का लकोटा असतो.

जमिनीत पण असे हिस्से असतात का?

असतात, आणि हे वाचून गावाकडच्या लोकांना हसू आणि रडू दोन्ही येईल. १८८७ च्या डॉस कायद्यानं रिझर्व्हेशनची सामाईक जमीन माणसागणिक वाटली, कुटुंबप्रमुखाला १६० एकर. तो गेला, मृत्युपत्र नाही, जमीन सगळ्या वारसांच्या नावे अविभक्त. मग ते वारस गेले. आज एकेका तुकड्याला शेकडो मालक आहेत, कोणाचा हिस्सा इतका बारीक की वर्षाच्या भाड्यात चहा येत नाही, आणि घर बांधायचं तर बाकीच्या हिस्सेदारांची संमती मिळवत बसा. मी बाबांना हे सांगत होतो तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे आमचा सातबाराच की रे." सरकारनं मधे १.९ अब्ज डॉलर काढून असे हिस्से विकत घेऊन ट्राइबला परत देण्याची योजना चालवली, पाइन रिजवर त्याचं बरंच काम झालं, तरी गुंता सुटलेला नाही. यातली बरीच जमीन भाड्यानं कसणारे आणि चारणारे गोरे असतात हेही लक्षात घ्या. वस्तीचे टक्के आणि जमिनीच्या वापराचे टक्के जुळत नाहीत.

१३,६७२ हा आकडा बरोबर आहे का?

कमी आहे असं ट्राइब नेहमीच म्हणते, आणि या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा. जनगणना खात्यानं स्वतःच नंतर तपासून कबूल केलं की २०२० ला देशभरातल्या रिझर्व्हेशन्सवरचे ५.६४ टक्के नेटिव्ह लोक मोजणीत कमी पडले, २०१० ला हे ४.८८ होतं. म्हणजे सुधारायच्या ऐवजी वाढलंच.

कारणं तिथे गेलं की दिसतात. घराला नंबर नाही, रस्त्याला पाटी नाही, टपाल पोस्टाच्या पेटीत येतं, एका ट्रेलरमध्ये (चाकांवरचं तयार घर) तीन कुटुंबं राहतात पण घरकुल मिळालेल्याला भीती की जास्त नावं सांगितली तर घर जाईल. त्यात २०२० म्हणजे कोविड, ट्राइबनं हद्दीवर नाके लावले होते. वर लहान गावांच्या आकड्यांत खातं मुद्दाम थोडी ढवळाढवळ करतं, कोणाची ओळख फुटू नये म्हणून. मधल्या वर्षांचे सर्व्हेचे आकडे तर पाच-पाच वर्षं एकत्र करून काढलेले अंदाज असतात. म्हणून म्हटलं, दशांश चिन्हावरून भांडू नका.

खूप गरिबी आहे म्हणतात?

आहे. देशातल्या सगळ्यात गरीब काउंट्यांच्या यादीत ही नेहमी असते, निम्म्याच्या आसपास लोक दारिद्र्यरेषेखाली. पण यूट्यूबवर जे उदास म्युझिक लावून फुटकी घरं दाखवतात ना, ते मला डोक्यात जातं. तिथे १९७१ पासून ट्राइबचं स्वतःचं ओग्लाला लकोटा कॉलेज आहे, १९८३ पासून किली नावाचा रेडिओ आहे, आम्ही गाडीत लावला तर ढोल आणि गाणी, आणि मधेच लकोटात बोलणं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरचं सुवर्ण घेतलेला बिली मिल्स पाइन रिजचाच.

काउंटीचं ऑफिस कुठे आहे? बाबांना दिसलंच नाही म्हणे.

दिसणार कसं, ते काउंटीत नाहीच! शेजारच्या फॉल रिव्हर काउंटीतल्या हॉट स्प्रिंग्ज गावातून कारभार चालतो, पाइन रिजपासून जवळपास शंभर किलोमीटर. मतदानाच्या दिवसाआधी मत द्यायचं तरी तिकडेच जावं लागायचं, यावरून २०१२ ला कोर्टात केस झाली. ओरोसला जिल्ह्याचं ऑफिस व्हायच्या आधी आपल्याकडची माणसं रत्नागिरीला खेपा घालायची, ते दिवस बाबांना बरोबर आठवले.

हे आपल्या जातगणनेसारखंच आहे का?

थोडं. आपल्याकडे जनगणनेत वंश विचारतच नाहीत. सगळ्या जातींची शेवटची पूर्ण मोजणी १९३१ ची, नंतर फक्त एससी-एसटी. येत्या जनगणनेत जात विचारणार असं केंद्रानं एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलंय. तेव्हा रकान्यांवरून काय रामायण होईल ते बघालच.

बघायला जाता येईल का?

जा की. ऑगस्टच्या पहिल्या वीकेंडला पाइन रिजला मोठा पॉवाव असतो, नाच-गाणी-घोडे, बाहेरच्यांना मनाई नाही. न विचारता कोणाचे फोटो काढू नका, ड्रोन तर अजिबात नको. रिझर्व्हेशनवर दारूबंदी आहे, गाडीत बाटल्या ठेवू नका. पेट्रोल आधीच भरून घ्या.

वूंडेड नीला थांबलात तर रस्त्याकडेच्या मोठ्या लाल बोर्डाकडे नीट बघा. "वूंडेड नी" च्या वर "हत्याकांड" या अर्थाचा जो शब्द आहे ती वेगळी फळी आहे, बोल्ट मारून बसवलेली. त्या फळीखाली आधी "लढाई" लिहिलं होतं. आई त्या फळीच्या कडेला हात लावून बघत होती, बाबा टेकडीवर गेले होते, आणि दागिने विकायला बसलेल्या बाईनं मला विचारलं, कुठले? मी म्हटलं, इंडिया. ती हसली, म्हणाली, "अच्छा, खरे इंडियन." दोन कानातले घेतले, घासाघीस केली नाही.